गोळीची जखम स्वतःच्या हातची की दुसऱ्याच्या : फाईल कशी वाचावी

गोळी लागून झालेल्या मृत्यूची फाईल हाती आली की नवा वकील बहुधा शवविच्छेदन अहवालाचे शेवटचे पान आधी उघडतो, कारण मृत्यूचे कारण तिथे लिहिलेले असते. ‘बंदुकीच्या गोळीने झालेली इजा’ एवढेच तिथे सापडते, आणि गोळी कुणी झाडली याबद्दल त्या पानावर अवाक्षरही नसते. ते नसण्यात डॉक्टरांची काही कसूर नाही. मृत्यू कशाने झाला हे डॉक्टर सांगतात. तो आत्महत्येने, अपघाताने की दुसऱ्याच्या हातून झाला हे आधी पोलिसांच्या चौकशीतून आणि शेवटी न्यायालयात ठरते. म्हणून प्रश्न ‘ही आत्महत्या आहे का’ असा एका झटक्यात विचारू नये. त्याचे तीन भाग करावेत : गोळी किती अंतरावरून व कोणत्या दिशेने आली, त्या अंतराने व त्या दिशेने, त्या हत्याराने, त्या व्यक्तीला स्वतःवर गोळी झाडणे शक्य होते का, आणि शक्य असले तरी तसेच घडले असे इतर पुराव्यावरून दिसते का. वादग्रस्त फायलींमध्ये पुष्कळदा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्याचे म्हणून खपवलेले असते. पुढचे विवेचन कनिष्ठ वकील, गुन्हेवार्ता लिहिणारे पत्रकार आणि ज्यांच्या घरी अशी घटना घडली आहे अशी माणसे, या तिघांनाही उपयोगी पडावे अशा बेताने केले आहे.

कागद कोणते आणि कोणत्या क्रमाने

मुंबईत संशयास्पद मृत्यूंची चौकशी दीर्घकाळ कोरोनरच्या न्यायालयात होत असे. ती व्यवस्था १९९९ साली संपली, आणि तेव्हापासून राज्यातल्या इतर जिल्ह्यांप्रमाणे इथेही पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, जिला सगळे एडीआर म्हणतात. पूर्वी ही चौकशी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होई. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. जुन्या व नव्या कलमांचा घोळ फायलीत सर्रास दिसतो, त्याने बिचकू नये.

एडीआर आणि गुन्हा यांतला फरक मात्र नीट ध्यानात घ्यावा. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद नव्या संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे, पण ती गुन्ह्याच्या तपासाला लागू होते. ‘आत्महत्या दिसते’ म्हणून केवळ अकस्मात मृत्यूची नोंद झाली, तर तो तज्ज्ञ तिथे पोचलाच असेल असे गृहीत धरता येत नाही. पहिल्या तासाभरात ठाणे अंमलदाराने काय समजून घेतले, त्यावर पुढे कोणता पुरावा जमा होणार आणि कोणता कायमचा हातचा जाणार हे अवलंबून असते. माझ्या मते फायलीतला सर्वांत कमी वाचला जाणारा आणि सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे ही पहिली नोंद होय.

त्यानंतर घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाच्या नोंदी म्हणजे पीएम नोट्स, मुद्देमाल प्रयोगशाळेकडे पाठवल्याचे पत्र, आणि कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा अहवाल, ज्याला कोर्टात सीए रिपोर्ट म्हणतात, हे याच क्रमाने वाचावेत. प्रत्येक कागदावरची तारीख आणि वेळ समासात लिहून काढावी. शव रात्री मिळाले आणि शवविच्छेदन दुसऱ्या दिवशी सकाळी झाले, तर त्यात लगेच काळेबेरे पाहू नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सोयी असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला मुभा दिली, परंतु खून, आत्महत्या आणि घातपाताचा संशय असलेली प्रकरणे, कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न नसेल तर, त्या मुभेतून वगळली. गोळीची प्रकरणे साहजिकच या अपवादात बसतात.

अंतर : अहवालाचा रकाना क्रमांक १७

महाराष्ट्रातल्या पीएम नोट्सच्या छापील नमुन्यात रकाना क्रमांक १७ बाह्य जखमांसाठी असतो. अंतराविषयीचे बहुतेक सगळे या एका रकान्यात असते, किंवा असायला हवे.

गोळीबरोबर नळीतून ज्वाला, वायू, धुराची काजळी आणि जळलेले, अर्धवट जळलेले व न जळलेले काडतुसातल्या दारूचे कणही बाहेर पडतात. नळीचे तोंड कातडीला टेकलेले असेल, तर हा सगळा ऐवज जखमेच्या आत शिरतो : कडा भाजलेल्या असतात, आत काजळी सापडते, नळीच्या तोंडाचा ठसा कधी कातडीवर उमटतो, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे आतले स्नायू लालभडक दिसू शकतात, आणि कातडीखाली लगेच हाड असेल तर कोंडलेल्या वायूने जखम ताऱ्यासारखी फाटते. नळी थोडी दूर असेल तर जखमेभोवती काजळी बसते, जी पुसली जाते. आणखी दूर असेल तर काजळी पोचत नाही, पण दारूचे कण कातडीत घुसून बारीक ठिपके पाडतात. डॉक्टरी भाषेत याला टॅटूइंग म्हणतात आणि हे ठिपके पुसून जात नाहीत. त्याहूनही दूरच्या गोळीने केवळ छिद्र आणि त्याभोवती खरचटलेली कडा एवढेच राहते. पिस्तूल वा रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत काजळी ढोबळमानाने ३० सेंटिमीटरच्या आत आणि ठिपके साधारण ६० ते ९० सेंटिमीटरच्या आत दिसतात, पण हे आकडे उलटतपासणीत ब्रह्मवाक्य म्हणून फेकू नयेत. नळीची लांबी, काडतुसाचा प्रकार आणि दारूची जात बदलली की ते बदलतात. खरे उत्तर तेच हत्यार आणि त्याच प्रकारची काडतुसे वापरून वेगवेगळ्या अंतरांवरून केलेल्या चाचणीच्या गोळीबारातूनच मिळते, आणि प्रयोगशाळेच्या अहवालात अशी चाचणी केली होती की नाही हे पहिल्यांदा पाहावे.

आता एक नोंद जवळून वाचून पाहू. समजा रकाना १७ मध्ये मजकूर असा आहे : छातीच्या डाव्या बाजूस ०.९ बाय ०.७ सेंटिमीटरची अंडाकृती प्रवेशजखम, भोवती खरचटलेली कडा, ती खालच्या व बाहेरच्या बाजूस अधिक रुंद, काजळी नाही, सभोवती ठिपके. पहिली गोष्ट, ठिपके आहेत आणि काजळी नाही, म्हणजे नळी टेकलेली नव्हती, काही अंतरावर होती. दुसरी, खरचटलेली कडा ज्या बाजूस रुंद असते त्या बाजूने गोळी तिरपी आलेली असते, म्हणजे इथे ती खालून व बाहेरून, वर व आतल्या दिशेने गेली असावी; रकाना २० मधला छातीच्या आतला मार्ग याच्याशी जुळतो का ते ताडून पाहावे. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. छातीवर कपडा असतो. अंगात शर्ट असता तर दारूचे पुष्कळसे कण कापडानेच अडवले असते. मग एक तर शर्टाची बटणे उघडी होती, किंवा कापड अगदी पातळ होते, किंवा शर्ट नंतर चढवला गेला, किंवा काजळी शर्टावर बसली आणि कातडीवर आली नाही. चारही शक्यतांचा निकाल त्या शर्टावरच लागतो. तेव्हा मुद्देमालाच्या यादीत शर्ट आहे का, त्याला छिद्र आहे का, ते जखमेच्या जागेशी जुळते का, आणि तो प्रयोगशाळेत अंतराच्या तपासणीसाठी पाठवला होता की नुसता रक्तगट पाहण्यासाठी, हे विचारल्याशिवाय ‘काजळी नाही’ या दोन शब्दांच्या शेऱ्यावर कुठलाही निष्कर्ष उभारू नये.

कपड्यांबाबत मुंबईत आणखी एक अडचण असते. रक्ताने ओले झालेले कपडे सावलीत, हवेवर वाळवून कागदी पिशवीत ठेवायचे असतात. ते तसेच प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधले, तर इथल्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, त्यांवर बुरशी चढायला वेळ लागत नाही, आणि नंतर तज्ज्ञाने कितीही भिंग लावले तरी हाती फारसे लागत नाही. पंचनाम्यात ‘सीलबंद केले’ एवढेच लिहिलेले असते. कशात, हे विचारावे.

प्रवेश, निर्गमन आणि मार्ग

आत शिरतानाची जखम लहान आणि बाहेर पडतानाची मोठी, हा समज अर्धाच खरा आहे. टेकवून झाडलेल्या गोळीची प्रवेशजखम फाटून मोठी झालेली असू शकते, आणि बाहेर पडणाऱ्या जागी कातडी भिंतीला, जमिनीला किंवा घट्ट कपड्याला दाबलेली असेल तर त्या जखमेभोवतीही खरचटलेली कडा उमटते व ती प्रवेशजखमेसारखी दिसते. कवटीच्या बाबतीत हाडच साक्ष देते : गोळी ज्या बाजूने आत शिरते तिथे हाडाच्या आतल्या पृष्ठभागावर उतरती कड पडते, आणि जिथून बाहेर पडते तिथे बाहेरच्या पृष्ठभागावर. डोक्याच्या जखमेत रकाना १९ मध्ये या उतरत्या कडेचा उल्लेख नसेल, तर प्रवेश कोणता हे डॉक्टरांनी कशावरून ठरवले, असा प्रश्न रास्त ठरतो.

मार्गाचे वर्णन शरीर सरळ उभे आहे असे धरून केलेले असते. माणूस प्रत्यक्षात बसलेला, वाकलेला किंवा मान वळवलेला असू शकतो, म्हणून ‘वरून खाली’ गेलेली गोळी वरच्या उंचीवरूनच आली असे म्हणता येत नाही. शरीरात गोळी अडकली असल्यास शवविच्छेदनाआधी क्ष-किरण छायाचित्र काढले होते का हेही पाहावे. गोळी काढताना धातूचा चिमटा लावला तर तिच्यावर नवे ओरखडे उठतात आणि नळीच्या आट्यांच्या, म्हणजे आतल्या पिळदार खाचांच्या, खुणा बिघडतात.

त्यानंतरच मृताचा हात ट्रिगरपर्यंत पोचण्याचा प्रश्न येतो. नळीच्या तोंडापासून ट्रिगरपर्यंतची लांबी आणि मृताच्या हाताची लांबी ही दोन मापे फायलीत असायला हवीत, विशेषतः लांब नळीच्या बंदुकीत. ती क्वचितच असतात. ही मापे नसताना दिलेले ‘पोचू शकत होते’ किंवा ‘पोचू शकत नव्हते’ हे मत अंदाजापलीकडचे नसते.

हात आणि हातातले हत्यार

पंचनाम्यातले नेहमीचे वाक्य असे असते : ‘मयताचे उजवे हातालगत एक पिस्तूल मिळून आले.’ हे वाचून आत्महत्या ठरली असे समजणारे आणि ‘हातात नव्हते, लगत होते’ म्हणून खून ठरला असे समजणारे, दोघेही घाई करतात. आत्महत्येच्या सुमारे पाचशे प्रकरणांच्या एका अमेरिकी पाहणीत पिस्तूल हातात राहिल्याचे प्रमाण साधारण एक चतुर्थांशच आढळले. धक्क्याने आणि शरीर सैल पडल्याने हत्यार बहुधा निसटते. उलट मृत्यूच्या क्षणीच मूठ घट्ट आवळली जाण्याचा प्रकार दुर्मीळ असला तरी त्याला मोठे मूल्य दिले जाते. मात्र नुसते हातात ठेवलेले हत्यार आणि आवळलेल्या मुठीतले हत्यार यांतला फरक पंचनाम्यात लिहिलेला असेल तरच त्याचा उपयोग, आणि आधी कुणी ते उचलून बाजूला ठेवले होते का हे रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या माणसांना, शेजाऱ्यांना व पहिल्या पोलीस शिपायाला विचारल्याशिवाय ते कळत नाही. जखमी जिवंत असेल तर त्याला वाचवण्यासाठी सगळे हलवले जाणार, आणि ते योग्यच आहे.

हातांवर गोळीबाराचे अवशेष शोधताना शिसे, बेरियम आणि अँटिमनी हे तीन धातू एकाच कणात आहेत का हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मेणाचा लेप लावून नायट्रेट शोधण्याची जुनी पद्धत केव्हाच बाद झाली आहे. या तपासणीचे दोन्ही निकाल बेताने घ्यावेत. अवशेष सापडले, तर ती व्यक्ती गोळी झाडणारी, गोळीच्या जवळ असणारी, किंवा ते हत्यार वा ती जागा हाताळलेली, यांपैकी कुणीही असू शकते. जवळून गोळी लागलेल्या माणसाच्या हातावर ते येणे स्वाभाविकच आहे. सापडले नाहीत, तर हात धुतले गेले असतील, रुग्णालयात पुसले गेले असतील, किंवा नमुना उशिरा घेतला गेला असेल. जिवंत, हालचाल करणाऱ्या माणसाच्या हातावरून हे कण काही तासांतच झडतात. मृताचे हात शवागारात नेण्यापूर्वी कागदी पिशव्यांत बांधले होते का आणि बोटांचे ठसे घेण्याआधी स्वॅब घेतला की नंतर, या दोन प्रश्नांची उत्तरे निकालापेक्षा अधिक बोलकी असतात. हातावर व नळीच्या तोंडाशी उलट उडालेले रक्ताचे सूक्ष्म शिंतोडे असतील तर ते या सर्वांहून भरवशाचे ठरू शकतात, पण त्यांचे जवळून छायाचित्र तेव्हाच काढलेले हवे.

मृत उजवा होता की डावखुरा, हे विचारावे, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. एकाहून अधिक गोळ्या लागल्या म्हणजे आत्महत्या नव्हेच, असेही नाही. पहिल्या जखमेनंतर माणूस किती वेळ हालचाल करू शकला असता हा प्रश्न डॉक्टरांना स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

हत्यार

बॅलिस्टिक अहवालात, म्हणजे हत्यार व गोळ्यांच्या तपासणीच्या अहवालात, तीन गोष्टी पाहाव्यात : हत्यार चालू स्थितीत होते का, मिळालेली गोळी व पुंगळी (काडतुसाचे रिकामे कवच) त्याच हत्यारातून सुटली का, आणि ट्रिगर ओढायला किती जोर लागत होता. गावठी कट्ट्याच्या नळीत बहुधा आटे नसतात, त्यामुळे गोळीवरच्या खुणांचे मिलान कठीण होते आणि पुंगळीवरच्या फायरिंग पिनच्या ठशावर भर द्यावा लागतो. अपघाताचा बचाव असेल तर हत्यार पडल्याने किंवा आपटल्याने सुटते का याची चाचणी मागावी.

अपघाताच्या बचावाचे नामांकित उदाहरण मुंबईचेच आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी मलबार हिलवरच्या फ्लॅटमध्ये नौदल अधिकारी कमांडर नानावटी यांच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेल्या गोळ्यांनी प्रेम आहुजा मरण पावले. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे ते दोषी ठरले, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी खुनाची शिक्षा कायम केली. त्या निकालात झटापटीच्या कथेविरुद्ध जे तपशील गेले त्यांत नुकत्याच न्हाऊन आलेल्या आहुजांच्या अंगावरचा टॉवेल होता, जो सुटला नव्हता की पडला नव्हता. हा निकाल स्वतःवर झाडलेल्या गोळीबद्दल नाही, हे खरे. तरीही घटनास्थळावरच्या एका साध्या वस्तूने सांगितलेली कथा कशी तपासता येते, हे शिकायला तो वाचावा.

मनाचा पुरावा आणि घरची माणसे

चिठ्ठी असेल तर ती हस्ताक्षर तज्ज्ञाकडे जाते, आणि सोबत मृताचे निर्विवाद हस्ताक्षर, बँकेचे अर्ज किंवा कार्यालयातल्या वह्या, पाठवावे लागते. चिठ्ठी नसणे हे कशाचेच द्योतक नाही. फोनमधले संदेश, औषधोपचाराचे कागद आणि शेवटच्या दिवसांतले वागणे यांचा विचार जरूर करावा, पण जखमेचे वाचन झाल्यावर. आधी केला तर जखमही त्याच चष्म्यातून दिसू लागते. घरच्यांना प्रश्न विचारताना उत्तर काढून घेण्याची घाई करू नये. ज्यांना स्वतःलाच असह्य होत असेल त्यांना टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. तिथे मराठीतूनही बोलता येते.

मत मागताना

सीए रिपोर्ट अनेकदा शवविच्छेदनानंतर बऱ्याच महिन्यांनी येतो, आणि तो आल्यावर हत्यार, कपडे व अहवाल डॉक्टरांना दाखवून पूरक मत घेण्याचे राहून जाते. ते तपास अधिकाऱ्याकडे लेखी मागावे. प्रश्नही नेमके असावेत. ‘जखम स्वतःहून झालेली असू शकते काय’ असे विचारले तर उत्तर बहुधा ‘असू शकते’ असेच येते, कारण पुष्कळ जखमा तशा असू शकतात. त्याऐवजी नळीचे अंतर किती ते किती होते, ते कोणत्या खुणांवरून ठरवले, कपड्याचा विचार केला होता का, आणि त्याच खुणा दुसऱ्याने जवळून झाडलेल्या गोळीने होऊ शकतात का, असे चार प्रश्न स्वतंत्र विचारावेत. चौथ्याचे उत्तर ‘होय’ आले, तर वैद्यकीय पुरावा दोन्ही बाजूंस सारखाच तटस्थ आहे हे लेखी नोंदवून घ्यावे आणि पुढचा युक्तिवाद घटनास्थळ, हत्यार व साक्षीदार यांवर करावा. तज्ज्ञाचे मत, पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ खाली असो की भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली, शेवटी मतच असते, आणि त्यामागची कारणे दिलेली नसतील तर न्यायालय त्याला फारसे वजन देत नाही.